ई४ ला बी६ आलं तर

तुम्ही ई४ खेळलात आणि समोरच्याने बी६ केलं, तर चेव येऊ देऊ नका. ओवेन बचावाला ओपनिंगच्या पुस्तकांत फारसा मान नाही. काळा मध्य सोडून देतो, बी७ वर उंट बसवतो आणि वाट बघतो. पण जॉन ओवेन या इंग्लिश धर्मगुरूने १८५८ मध्ये लंडनला याच बचावाने पॉल मॉर्फीला हरवलं होतं. १९८० मध्ये स्वीडनमधल्या स्कारा इथे टोनी माइल्सने ई४ ला ए६, मग बी५ आणि बी७ वर उंट अशी मांडणी करून त्या वेळचा जगज्जेता अनातोली कार्पोव्ह याच्यावर मात केली. ‘असल्या चालींना काय घाबरायचं’ हा विचार पटावर बसण्यापूर्वीच सोडलेला बरा.

या बचावाने मला दणका दिला तो एका रॅपिड स्पर्धेत, आणि तोही अगदी सरळ दिसणाऱ्या चालीमुळे. डी४ नंतर तिसऱ्या चालीला मी घोडा सी३ वर काढला. काळ्याने ई६ करून दुसरा उंट बी४ वर आणला आणि माझा घोडा पिन झाला. ई४ च्या प्याद्याला त्याचा जोर होता, तो आता नावापुरता उरला. मग त्याचा घोडा एफ६ वर आला, मागोमाग डी५. मी प्यादं ई५ ला ढकललं तेव्हा तोच घोडा ई४ वर ठाण मांडून बसला, डी५ च्या प्याद्याच्या जोरावर. सी३ वर दुहेरी मारा. मारामारी होऊन माझी दोन प्यादी सी फाइलवर एकामागे एक अडकली आणि उरलेला डाव ती राखण्यात गेला.

म्हणून तिसऱ्या चालीला उंट डी३. ई४ ला जोर द्यायचा तो उंटाने, कारण त्याला कुणी पिन करू शकत नाही. मग घोडा एफ३ वर, आणि काळ्याने सी५ केलं की सी३. वजीर ई२ वर ठेवा. तिथून तो ई४ सांभाळतो आणि काळ्याने ए६ वरून उंटाची अदलाबदल करायचं ठरवलं तर तिच्यावरही नजर ठेवतो. ती अदलाबदल काळ्याला हवीच असते, कारण डी३ चा उंट गेला की एच७ वरचं दडपण संपतं. काळ्याने डी४ वर मारून बी४ वरून शह दिला, तर घोडा सी३ वर घालायला हरकत नाही. तोवर ई४ मागे उंट उभा असतो. बी१ चा घोडा मोकळा राहिला तर तो डी२ वर जास्त शोभतो. ई५ ची घाई नको. काळ्याने कॅसलिंग केल्यावर त्याच्या एफ६ च्या घोड्याला हुसकवायला ती चाल राखून ठेवा.

एक सापळा मात्र पाठच हवा. उंट डी३ ला काळा एफ५ खेळला, तर बिनधास्त मारा. तो जी२ चं प्यादं खातो, हत्तीवर डोळा ठेवून. वजीर एच५, शह. काळा जी६ करतो, तुम्ही जी६ वर मारता. त्याने घोडा एफ६ वर आणून वजिराला हात घातला, तर प्याद्याने एच७ मारून शह द्या. घोड्याने वजीर मारला की उंट जी६ वर, मात. सतराव्या शतकातल्या ग्रेकोने हा डाव नोंदवून ठेवला आहे. पण जाणता खेळाडू घोड्याऐवजी उंट जी७ वर आणतो. तिथे पाठ केलेल्या सवयीने एच७ वर मारू नका; वजीर एफ५ वर न्या. एफ७ वर मातेची धमकी उभी राहते. घोडा एफ६ वर मध्ये आला, तर आपला उंट एच६.

स्पर्धेआधी हे दोन्ही रस्ते घरच्या पटावर लावून बघा, आणि आधी काळ्याच्या बाजूने खेळा. ई४ कधी दुखतं ते त्या बाजूने लवकर कळतं.