ताजे अंडे ओळखावे कसे?

उन्हाळा सुरू झाला की दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. काय खाल्ले होते, असे विचारले की शिळ्या अन्नाबरोबर कधीकधी अंड्याचेही नाव निघते. वास्तविक अंडे हा स्वस्त आणि सकस आहार आहे. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात. मात्र ते पारखून घ्यावे आणि नीट शिजवावे.

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून आतील पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड वायू हळूहळू बाहेर जातो आणि हवा आत शिरते. बोथट टोकाकडील हवेची पोकळी त्यामुळे दिवसेंदिवस वाढते व अंडे हलके होते. उन्हाळ्यात हे लवकर घडते. पाण्याची परीक्षा यावरच आधारलेली आहे.

पाण्याची परीक्षा : खोलगट पातेल्यात गार पाणी घेऊन अंडे अलगद सोडावे.
१) तळाशी आडवे पडले तर अंडे ताजे.
२) तळाशीच, पण उभे राहिले तर जुने. लगेच पूर्ण शिजवून वापरावे.
३) वर तरंगले तर फार जुने. टाकून द्यावे.
भिजलेले अंडे पुन्हा साठवू नये, त्याच वेळी वापरावे.

फोडल्यावर : प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडावे, म्हणजे एका नासक्या अंड्यापायी बाकीची वाया जात नाहीत. ताज्या अंड्याचा पांढरा भाग दाट असतो व पिवळा बलक फुगीर दिसतो. जुन्याचा पांढरा भाग पाण्यासारखा पसरतो, बलक चपटा होतो. रक्ताचा बारीक ठिपका असला तर घाबरू नये, तो निरुपद्रवी असतो. कुजका वास किंवा हिरवट, काळपट, गुलाबी रंग दिसल्यास अंडे फेकून द्यावे. कवच पांढरे की तपकिरी, अंडे गावरान की पोल्ट्रीचे, यावरून ताजेपणा ठरत नाही.

ताजे म्हणजे निर्धोक नव्हे : ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. साल्मोनेला नावाचे जंतू कोंबडीतूनच अंड्यात आलेले असू शकतात. असे अंडे तळाशी आडवेच पडते, त्याला वासही येत नाही. तालमीत जाणारी मुले दुधात कच्चे अंडे फेटून पितात; आजारातून उठलेल्यालाही काही घरांत तसे देतात. त्यात ताकद जास्त असते हा गैरसमज आहे. शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के प्रथिने अंगी लागतात, कच्च्यातील जेमतेम निम्मी. म्हणून पांढरा भाग व बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत अंडे शिजवावे. लहान मुले, गर्भवती, वृद्ध व अशक्त रुग्ण यांना हाफ फ्रायही देऊ नये.

साठवण : तडकलेली किंवा विष्ठेने माखलेली अंडी घेऊ नयेत. धुऊन ठेवू नयेत. धुतल्याने कवचावरील नैसर्गिक थर जातो व जंतूंना वाट मिळते. फ्रीजमध्ये बोथट टोक वर करून ठेवावीत. फ्रीज नसल्यास चार-पाच दिवसांपुरतीच आणावीत. कच्चे अंडे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

बाधा झालीच तर : ताप, पोटात मुरडा, जुलाब ही लक्षणे साधारण ६ ते ७२ तासांत दिसतात. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचा चमचा) घालून ते थोडे थोडे पाजत राहावे. मनाने अँटिबायोटिक गोळ्या घेऊ नयेत. जुलाबात रक्त, तीव्र ताप, सुस्ती किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. तान्ह्या मुलांच्या बाबतीत तर मुळीच वाट पाहू नये.