शोकेसमधला गवई

परभणी

चि. बाळास,


परवा चिकलठाण्याला तुझ्याकडे दोन रात्री राहिलो. नवे स्पीकर तू हौसेने ऐकवलेस, मीही मान डोलावली. सूनबाईंसमोर काही बोललो नाही, म्हणून आता लिहितो. डग्ग्याचा नुसता घुमारा होत होता आणि गवई शोकेसमध्ये कोंडल्यासारखा गात होता. त्यावर तू मोठा ॲम्प्लिफायर घ्यायचं म्हणत होतास. आधी स्पीकरच्या पेट्या हलवून बघ, त्याला पैसे पडत नाहीत.

खर्जाचा आवाज पेटीच्या चहूबाजूंनी पसरतो. पेटी कोपऱ्यात ठेवली की दोन भिंती आणि फरशी मिळून तो फुगवतात. वेरूळच्या १० नंबरच्या लेण्यात, त्या सुतार झोपडीत, लहानपणी तू ओरडून घुमणारा आवाज ऐकत बसायचास, आठवतं? तिथे ते छान वाटतं. तुझी खोली १० बाय १४ फुटांची, वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी. तिथे घुमाऱ्यात तबल्याचे बोल बुडतात.

शोकेसमधून पेट्या काढ आणि आखूड भिंतीपासून अडीच फूट पुढे, स्टुलांवर ठेव. दोघींत साडेसहा फूट अंतर. त्यांच्यापासून तुझं डोकंही तेवढंच लांब हवं, म्हणजे तिन्ही बाजू सारख्या. सुतळीने मोज, नजरेवर जाऊ नकोस. वरचा छोटा स्पीकर, ट्विटर, तू बसलास की कानाच्या रेषेत यायला हवा. पेट्यांची तोंडं तुझ्याकडे किंचित वळव. किती, ते कान सांगेल. या मापाने मागची भिंत तुझ्यापासून सहा फुटांवर राहते. दिवाण मात्र तिला टेकवू नकोस, तिथे खर्ज नको इतका साचतो. खोलीच्या बरोबर मध्यावरही बसू नकोस, तिथे १४ फुटी खोलीतला ४० हर्ट्झच्या आसपासचा स्वर जवळपास नाहीसाच होतो.

मग आरशाची युक्ती. तू जागेवर बस आणि सूनबाईंना बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांग. ज्या ठिकाणी आरशात पेटी दिसेल, तिथून आवाज उडून तुझ्या कानात येतो, थेट आवाजापेक्षा काही हजारांश सेकंद उशिरा, आणि स्वराची कड बोथट करतो. तिथे पुस्तकांचं कपाट उभं कर, नाहीतर आजीची जाड गोधडी भिंतीपासून चार बोटं सोडून टांग. तिथे लटकवलेली ती हिमरू शाल दिसायला सुरेख आहे, पण पातळ कापड फक्त वरचा तीक्ष्णपणा खातं. पेट्या आणि दिवाण यांच्यामध्ये सतरंजी पसर.

वायरी तपास. माझ्याकडून एकदा एका पेटीची लाल आणि काळी उलट लागली होती. चार महिने मी खर्ज नाही म्हणून रेकॉर्डलाच नावं ठेवत होतो. एक पेटी ढकलत असताना दुसरी ओढत होती, मग खर्ज उरणार कुठून!

शेवटी अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी रेकॉर्ड लाव. ते १९३७ साली गेले, त्यांचं सगळं ध्वनिमुद्रण एकाच वाटेचं, मोनो. डोळे मीट. आवाज दोन्ही पेट्यांच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही अशा जागेतून यायला हवा. एका बाजूला ओढला जात असेल, तर त्या बाजूची पेटी दोन-दोन बोटं मागे घेत जा, पण एका वेळी एकच बदल कर. डावी-उजवीकडच्या भिंती सारख्या नसतील (तुझ्या उजवीकडे खिडकी आहे), तर थोडं कमीजास्त होणारच. आणि विमान उतरत असेल तेव्हा काही ठरवू नकोस. तुमच्या विमानतळापुढे कुणाचा षड्ज टिकत नाही.

जागा ठरली की स्टुलांच्या पायांपाशी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा कर. फरशी पुसताना पेट्या हलतातच.

तुझा,
मामा