सेरेंगेटीचा माळ आणि सह्याद्रीचे रान

(भूगोल व परिसर अभ्यास : इयत्ता पाचवी ते सातवीसाठी पाठटिपण)

उद्दिष्टे : (१) पाऊस, गवत, तृणभक्षक व मांसभक्षक यांचा परस्परसंबंध विद्यार्थ्यांना समजावा. (२) परदेशातील राष्ट्रीय उद्यानाशी आपल्या जिल्ह्यातील रानाची तुलना त्यांना करता यावी. (३) रान राखण्यासाठी कोणाला काय सोडावे लागले याची जाणीव व्हावी.

साहित्य : आफ्रिकेचा नकाशा, सातारा व सांगली जिल्ह्यांचे नकाशे, रंगीत खडू.

प्रस्तावना : पूर्व आफ्रिकेचा धडा शिकविताना सिंह, जिराफ, झेब्रा ही नावे पाठ करून घेण्यातच पुष्कळदा तास संपतो. त्याऐवजी शिक्षकांनी मुलांच्या पाहण्यातील गोष्टीपासून आरंभ करावा. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांतील मेंढपाळ पावसाळा सरल्यावर कळप घेऊन कृष्णाकाठी व कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतात. ते का जातात? का परततात? चारा आणि पाणी हे उत्तर मुलेच देतील. ते फळ्यावर लिहून घ्यावे. पुढील पाठ त्याच्याच आधाराने चालवावयाचा आहे.

विषयप्रतिपादन

*(अ) सेरेंगेटी :* टांझानिया देशातील हे राष्ट्रीय उद्यान १९५१ साली स्थापन झाले. त्याचे क्षेत्र १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे संपूर्ण सातारा जिल्ह्याहूनही मोठे. येथे वाइल्डबीस्ट नावाचे, हरिणांच्या व गाईबैलांच्या कुळातील जनावर दहा लाखांहून अधिक संख्येने राहते. वर्षारंभी हे कळप दक्षिणेकडील आखूड गवताच्या माळावर असतात. तेथेच त्यांची वासरे जन्मतात. माळ सुकला की ते उत्तरेकडे निघतात आणि जुलै-ऑगस्टच्या सुमारास केनियातील मसाई मारापर्यंत पोहोचतात. पाऊस पडताच पुन्हा दक्षिणेस वळतात. त्यांच्या मागे सिंह व तरस असतात. मेंढपाळाची वाट आणि या कळपाची वाट एकाच कारणाने ठरते, हे येथे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे. आफ्रिकेच्या रानात वाघ नाही, हेही स्पष्ट सांगावे. चित्रांतील वाघ-सिंह पाहून मुलांची येथे नेहमी गफलत होते.

*(आ) सह्याद्री :* कोयना अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. चांदोलीचे रान त्याच वर्षी अभयारण्य व २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. २०१० साली ही दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांत त्याचा विस्तार आहे. येथे गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या, रानकुत्रा व शेकरू आढळतात.

“मग सेरेंगेटीसारखी जनावरे येथे का दिसत नाहीत?” असे एखादा विद्यार्थी विचारील. सेरेंगेटी हा बहुतांशी उघडा माळ आहे. सह्याद्रीवर धो धो पाऊस पडतो, म्हणून रान दाट वाढते आणि जनावर दहा पावलांवर असले तरी दिसत नाही. शिवाय वाघाला सांबर, चितळ, रानडुक्कर असे भक्ष्य भरपूर लागते. या कामी सांगली जिल्ह्यातील सागरेश्वरचा उपयोग झाला. देवराष्ट्रे गावाजवळच्या उघड्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडे लावून हे रान उभे राहिले. तेथे वाढलेल्या चितळांपैकी काही चांदोलीत नेऊन सोडण्यात आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीणही चांदोलीस आणण्यात आली. आधी गवत, मग चितळ, मग वाघ, हा क्रम मुलांकडून वदवून घ्यावा.

*(इ) रानाची किंमत :* सेरेंगेटीत मसाई लोक आपली गुरे चारीत. १९५९ साली त्यांना ते माळ सोडून शेजारच्या एनगोरोंगोरो भागात जावे लागले. कोयना-चांदोलीच्या रानातूनही अनेक गावे उठली; काही धरणांच्या पाण्यामुळे, काही अभयारण्यामुळे. घर, शेत व ग्रामदैवत मागे ठेवून ती कुटुंबे पुनर्वसित गावठाणांत आली.

हा भाग शिक्षकांनी विशेष जपून शिकवावा. वर्गात अशा कुटुंबातील मूल असल्यास त्याला सर्वांसमक्ष उभे करून प्रश्न विचारू नयेत. त्याच्या आजोबांना किंवा आजीला मानाने शाळेत बोलवावे आणि जुन्या गावची पिके, ओढे, सण त्यांच्याच तोंडून ऐकवावेत. वाघ हवा की गाव हवे, असा वाद वर्गात लावून देऊ नये. रान राहिले तर नद्यांचे उगम राहतात आणि कृष्णाकाठच्या शेताला पाणी मिळते. परंतु त्या पाण्यामागे कोणाचे तरी गाव उठले आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही मुलांना कळल्या पाहिजेत.

फळ्यावरील सारांश : पाऊस — गवत — तृणभक्षक — मांसभक्षक. सेरेंगेटी : माळ, वाइल्डबीस्ट, सिंह. सह्याद्री : दाट रान, सांबर, वाघ.

प्रश्न
१. वाइल्डबीस्टचे कळप वर्षभर एकाच जागी का राहत नाहीत?
२. रानात चितळ व सांबर नसतील तर वाघाचे काय होईल?
३. सह्याद्रीत जनावरे सहज का दिसत नाहीत?
४. मसाई लोक व चांदोलीची उठलेली गावे यांत कोणते साम्य आहे?

उपक्रम : विद्यार्थ्यांनी गावच्या शिवारात आठवडाभरात दिसलेले पशू, पक्षी व पावलांचे ठसे वहीत नोंदवावेत. प्रत्येकापुढे तो काय खातो हे लिहावे आणि त्यावरून आपल्या शिवाराची अन्नसाखळी काढावी. पिकात गवे किंवा रानडुकरे शिरत असतील तर तीही नोंद अवश्य करावी. रानाच्या काठावर राहणाऱ्यांचा तो रोजचा अनुभव आहे.