वेबसाइटचे किती घ्यायचे?

मंडळातल्या दोघातिघांनी विचारलं, "ताई, वेबसाइट करून द्यायचे किती घ्यायचे?" आकडा लगेच सांगता येईल, पण तो माझा आकडा होईल, तुमच्या कामाला बसेलच असं नाही. त्यापेक्षा माझा हिशेब कसा चुकला ते सांगते.

पहिलं काम एका दुकानाचं होतं. पाच पानं, मराठी आणि हिंदी. मनात धरलं ४० तास, तासाला २०० रुपये, म्हणजे ८,००० रुपये. उक्तं ठरलं. काम देऊन तिगावला घरी गेले, तर बाबांनी एकच विचारलं, "तुले रोज काय पडला?" मला सांगताच येईना. मग चॅटच्या वेळा, फाइलींच्या तारखा बघून तास जुळवले. भरले ९६. म्हणजे तासाला ८३ रुपये. त्यात परीक्षेच्या आठवड्यातल्या दोन रात्री होत्या, आणि भाषाविज्ञानाच्या मार्कांत त्या दिसल्या.

गेले कुठे हे तास? डिझाइन आणि कोडिंगला ४६ लागले, म्हणजे तिथला अंदाज फारसा चुकला नव्हता. उरलेले ५० मी धरलेच नव्हते. दुरुस्त्या १७, फोन आणि भेटी ८, डोमेन-होस्टिंगची खटपट ४, आणि २१ तास एकट्या मजकुराने खाल्ले. हिंदी मजकूर कृतिदेवमध्ये आला, मराठी श्रीलिपीमध्ये. हे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे फॉन्ट. तो मजकूर तसाच वेबसाइटवर टाकला तर वाचणाऱ्याला भलतीच चिन्हं दिसतात. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार सरकतो, 'ऱ्य' बिघडतो, जोडाक्षरं तुटतात, मग ओळ न ओळ डोळ्यांनी तपासावी लागते. आपण साहित्याचे विद्यार्थी, आपल्याला हे जमतं, म्हणून आपण ते फुकटात करून टाकतो. करू नका. मुद्रितशोधन हे वेगळं काम आहे, त्याचे तास वेगळे लावा.

ही चूक माझ्या एकटीची नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच तिला नाव दिलं होतं, 'प्लॅनिंग फॅलसी'. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळं बिघडलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर! आपण समोरचं काम बघतो, ते कसं पार पडेल याचं चित्र रंगवतो, आणि मागच्या वेळी काय झालं ते विचारातच घेत नाही.

आमच्याकडे संत्र्याचा व्यापारी ही चूक करत नाही. आंबिया बहार झाडावर असतानाच तो बगीचा बघायला येतो. झाडं लगडलेली असतात, घरचे सगळे खूश असतात. तो दोनचार झाडांखाली उभा राहतो, फळं मोजतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "मागच्या साली किती निघाली?" मग गळ वजा करतो, बारीक माल वजा करतो, आणि तेव्हा कुठे भाव बोलतो. लहानपणी मला तो माणूस कंजूष वाटायचा.

आता मीही तेच करते. तीन कामांचे माझे अंदाज मिळून १२० तास होते, लागले २३४. जवळपास दुप्पट. म्हणून मनातल्या आकड्याला सरळ दोनने गुणते. तीनच कामं आहेत, पुढे आकडा बदलेल, पण त्यासाठी रोज तास लिहून ठेवायला हवेत. संध्याकाळी आठवून लिहिलेले तास खोटे असतात, हे अनुभवाने सांगते.

दराचं असं. महिन्याला मला १५,००० हवेत, वर खर्च ३,०००. त्यात लॅपटॉपही आला: ४८,००० चा, चार वर्षं धरलं तर महिन्याला १,०००. कॉलेज सांभाळून हातात ८० तास उरतात. १८,००० ला ८० ने भागून २२५ काढाल तर फसाल, कारण गिऱ्हाईक शोधणं, बिल करणं, नवीन शिकणं याचे पैसे कोणी देत नाही. पैसे मिळणारे तास ५० च. म्हणून दर ३६०. (मत्तयच्या शुभवर्तमानात शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण दिनार मिळतो. तसा मालक मला अजून भेटलेला नाही.)

गिऱ्हाइकाला मात्र मी तासाचा दर सांगत नाही. आपल्याकडे उक्त्या रकमेवर विश्वास बसतो. रकमेखाली लिहून देते: किती पानं, मजकूर युनिकोडमध्ये कोण देणार, दुरुस्त्या दोनदा, तिसऱ्यांदा पासून तासाप्रमाणे.

गेल्या महिन्यात एका नर्सरीचं काम आलं. मनात २८ तास, कागदावर ५६, रक्कम २०,१६०. ते म्हणाले, "दुसरा पोरगा आठ हजारात करून देतो." पूर्वी मी दर पाडला असता. या वेळी काम कमी केलं: एकच भाषा, फोटो गॅलरी नाही. ३६ तास, १२,९६०. दोन दिवस काही उत्तर नाही. मला वाटलं, गेलं. तिसऱ्या दिवशी फोन आला, गॅलरी पुढच्या वर्षी बघू म्हणाले, आणि ५,००० इसार पाठवला. आजपर्यंत ११ तास झालेत, वहीत लिहिलेत.