कोल्हापुरीचा रबरी तळ का सुटतो?

प्रश्न : पावसापाण्यात झिजू नये म्हणून कोल्हापुरी चपलेला खालून रबराचा तळ चिकटवून घेतला. थोडे दिवस टिकतो आणि पुन्हा टाचेकडून सुटतो. आता दुकानदार म्हणतो, ‘पीयू लावा, परत निघणार नाही.’ हा पीयू गोंद खरंच इतका पक्का असतो का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पक्का असतो, पण नुसता डबा बदलून जोड पक्का होत नाही. सुटलेला तळ आधी उजेडात धरून बघा. गोंदाचा सगळा थर रबरावर आणि चामडं गुळगुळीत कोरडं, तर चामड्याची तयारी कमी पडली. थर चामड्यावर आणि रबर लख्ख, तर रबराने गोंद धरलाच नाही. दोन्हीकडे चिकट तारा सुटत असतील, तर गोंद पुरता वाळला नव्हता किंवा तेलाने मऊ पडला. गोंदावर चामड्याचे तंतू उपटून आले असतील, तर मात्र गोंदाला बोल लावू नका. चामडंच फाटलं आहे.

मुळात कोल्हापुरीला गोंदाचा भरवसा लागत नसे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचे थर चामड्याच्याच वादीने शिवायचे, खिळा मारायचा नाही, ही तिची रीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून 2019 मध्ये ज्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ती हीच. रबराचा तळ नंतर आला आणि गोंदाचा प्रश्न घेऊन आला.

साधं पिवळं सोल्युशन बहुधा निओप्रीन या कृत्रिम रबराचं असतं. चामड्याला ते बरं धरतं. पण तळ पीव्हीसीचा असेल, तर त्याला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि सोल्युशन सैल करतं. पॉलियुरेथेन म्हणजे पीयू या तेलकटपणाला दाद देत नाही, म्हणून बूट-चपलांच्या कारखान्यांत तोच चालतो. ऑटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1937 मध्ये लेव्हरकुसेनला ही रसायनं शोधली.

आता कृती. चामड्याची वरची तुकतुकीत कातडी जाड पॉलिश पेपरने खरवडून तंतू उभे करायचे आणि धूळ झटकायची. रबरही खरवडायचं, पण भट्टीत पिकवलेल्या रबराला पीयू नुसता धरत नाही. त्याला आधी क्लोरीनयुक्त प्रायमर लागतो आणि नेमका हाच टप्पा बहुतेक ठिकाणी वगळला जातो. चामडं गोंद पितं, म्हणून त्याला दोन पातळ हात. पहिला सुकल्यावर दुसरा. दोन्ही बाजू कोरड्या दिसेपर्यंत थांबायचं. मग गरम हवेने थर साधारण 60 ते 70 अंशांपर्यंत तापवायचा. सुकलेला पीयू उष्णतेने पुन्हा चिकट होतो. त्याच क्षणी तळ बसवून जोरात दाबायचा. शेवटी जोड धरून ठेवतो तो हा दाब. थर जाड दिला म्हणून ताकद वाढत नाही. हार्डनर घालायचा असेल, तर डब्यावरच्या मापानेच. तो पाण्याशीही लगेच रासायनिक क्रिया करतो, म्हणून झाकण उघडं टाकलेला हार्डनर वाया जातो. काम खिडक्या उघडून, विस्तवापासून लांब करायचं. वाफा डोक्यात जातात आणि पेट घेतात.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात आणखी एक अडचण असते. गोंदातला द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. डोळ्यांना दिसत नाही, पण जोड तिथेच कच्चा राहतो. म्हणून ओली चप्पल चिकटवायला देऊ नका. सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्या.

तेल ही आपली स्वतःची आगळीक. कोल्हापुरी मऊ राहावी म्हणून आपण तेल देतो, ते मुरत तळापर्यंत जातं आणि तेलकट चामड्याला कुठलाच गोंद नीट धरत नाही. तळ लावायचा असेल, तर आधी तेल देऊ नका. लावून झाल्यावर निदान 24 तास चप्पल पायात घालू नका आणि पुढेही तेल फक्त वरच्या पट्ट्याला, तेही बेतानं द्या. पट्टा किंवा कान सुटला, तर गोंदाच्या वाटेला जाऊच नका. सुभाषनगर किंवा जवाहरनगरातल्या कारागिराकडून तो वादीनेच शिवून घ्या.