एक कप म्हणजे अडीचशे ग्रॅम नव्हे

केकच्या क्लासची फी भरल्यावर जो कागद हातात पडला, त्याच्या डोक्यावरच ठळक छापलं होतं: १ कप = २५० ग्रॅम. कशाचा कप, ते नाही. मैदा, साखर, तेल, कोको, सगळ्यांना एकच न्याय.

डोहाळजेवणाच्या केकची ऑर्डर होती. सगळं तिप्पट घ्यायचं, तेव्हा कप कुठे मोजत बसायचं म्हणून तक्त्याप्रमाणे काट्यावर घेतलं. मिश्रण थालीपिठाच्या पिठासारखं घट्ट. केक मधोमध तडकला, आतून गिच्च. शेवटी बेकरीतून दुसरा आणून दिला, माझ्या पैशाने. क्लासच्या मॅडमना फोटो पाठवले तर उत्तर आलं, "तुमचा ओव्हन नीट तापत नसेल. बाकी सगळ्यांचे छान झालेत." ओव्हनमध्ये थर्मामीटर ठेवून पाहिला. ओव्हन ठणठणीत होता.

उलगडा झाला तो तेलाची पिशवी कापताना. पिशवीवर छापलेलं असतं, १ लिटर, ९१० ग्रॅम. इतकी वर्षं तेच तेल भरतोय, कधी वाचलंच नव्हतं. लिटरभर तेल किलोभर भरत नाही, मग कपभर मैदा पाव किलो कसा भरेल? क्लासमध्येच विकत घ्यायला लावलेला २५० मिलिलिटरचा कप काढला, मैदा चमच्याने सैल भरला, सुरीच्या पाठीने सपाट केला आणि काट्यावर ठेवला. १२८ ग्रॅम. तोच कप डब्यात खुपसून भरला तर दीडशेच्या वर. दाणेदार साखर दोनशेच्या थोडी पुढे, पिठीसाखर मात्र मैद्याच्याच आसपास. अडीचशे भरलं ते फक्त पाणी. म्हणजे माझ्या केकात मैदा जवळजवळ दुप्पट पडला होता. बाकीच्यांचे केक छान झाले, कारण त्यांनी कपानेच मोजलं, तक्त्याच्या वाटेला गेलेच नाहीत!

काट्याचे फोटो क्लासच्या ग्रुपवर टाकले. "ताई, अनुभवाने अंदाज येतो," एवढंच उत्तर, आणि दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय. तक्ता अजून तोच वाटला जातो, असं ऐकते.

तर, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. कृती कुठली आहे ते बघा, कारण कपही देशोदेशी वेगळा: अमेरिकेचा सुमारे २३७ मिलिलिटर, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचाही २० मिलिलिटरचा, इतरत्र बहुतेक १५ चा. अमेरिकन कृतीत अर्धा कप बटर म्हणजे ११३ ग्रॅम. आपलं १०० ग्रॅमचं पाकीट त्याला पुरत नाही, आणि ते खारं असेल तर वरून मीठ घालू नका. मध कपाला ३४० ग्रॅमच्या घरात जातो, कोको शंभरही भरत नाही. 'एक कप मैदा, चाळून' असेल तर आधी मोजून मग चाळा. 'एक कप चाळलेला मैदा' असेल तर उलट. वजनाने घेतलंत की ही भानगडच नाही. बेकिंग सोडा मात्र सपाट चमच्यानेच घ्या. पाव चमचा जेमतेम सव्वा ग्रॅम भरतो, घरगुती काट्याला तो नीट कळत नाही.

अमेरिकेत फॅनी फार्मरने १८९६ च्या आपल्या पाककृतींच्या पुस्तकात सपाट भरलेल्या कप-चमच्यांचा आग्रह धरला, तो माप सगळ्यांचं एकच यावं म्हणून. आमच्या मॅडमना आज छापील कागदावरही ते जमत नाही.

क्लासला पैसे भरण्याआधी त्यांचा मापांचा तक्ता मागून घ्या. मैदा आणि साखरेसमोर एकच आकडा दिसला, तर फी भरू नका.