शर्यतीतील जोडीदार

शर्यत म्हटली की आपले लक्ष प्रथम येणाऱ्याकडे लागते. गुलाल कोणावर उधळला, फेटा कोणाला बांधला, ढाल कोणी उचलली, एवढेच आपण पाहतो व घरी परततो. परंतु काही शर्यती अशा आहेत की त्या एकट्याने जिंकता येत नाहीत. त्यांत दोन जीवांनी एका गतीने, एका तोलाने व एका मनाने धावावे लागते. अशा शर्यतींचा थोडा अभ्यास करणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यांपैकी एक आपल्या दाराशी चालते, ती बैलगाड्यांची शर्यत. दुसरी दूर युरोपात चालते, ती जोडगाडी लावलेल्या मोटारसायकलींची शर्यत. दोहोंची तुलना केली असता विज्ञानाचा एक पाठ व नीतीचा एक पाठ असे दोन्ही आपणांस मिळतात.

प्रथम घरचे पाहू. कळंब हे गाव इंदापूर तालुक्यात, वालचंदनगराशेजारी, नीरा नदीच्या खोऱ्यात आहे. नदी ओलांडली की सोलापूर जिल्ह्याचा मुलूख लागतो. हा सारा टापू खिल्लार जातीच्या गुरांचा. पांढरा वर्ण, लांब मागे वळलेली शिंगे, काटक बांधा व चपळ पाय ही खिल्लार बैलाची लक्षणे होत. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, पुढे ट्रॅक्टरही आला. तथापि बैलाविषयीची माया या भागातून गेली नाही. सुगी आटोपून गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या म्हणजे शर्यतींचा हंगाम भरास येतो व चैत्र-वैशाखात त्याला उधाण येते.

या शर्यतीची रीत सर्वत्र सारखी नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, म्हणजे खेड, जुन्नर, आंबेगाव व मावळ या तालुक्यांत, चढणीची धावपट्टी असते. तिला घाट म्हणतात. तेथे एका वेळी एकच गाडा सुटतो, गाड्याला चार बैल जुंपतात व जुन्या रीतीप्रमाणे पुढे घोडेस्वार दौडतो. किती सेकंदांत अंतर तोडले यावर निकाल ठरतो. दक्षिणेकडे, सातारा-सांगलीच्या बाजूस, सपाट मैदानावर अनेक गाड्या आपापल्या फाटीतून एकदम सुटतात. प्रत्येक हलक्या गाडीस दोन बैल व वर एक गाडीवान असतो. आधी गटाच्या फेऱ्या, नंतर उपान्त्य व शेवटी अंतिम फेरी असा क्रम असतो. विदर्भात याच खेळाला शंकरपट म्हणतात.

आता या गाडीचे शास्त्र पाहा. एका जुवाखाली दोन बैल आहेत. उजवा बैल थोडा पुढे सरला तर गाडी कोणीकडे वळेल? डावीकडे. कारण ज्या बाजूचा ओढ अधिक, ती बाजू पुढे जाते व गाडी उलट बाजूस फिरते. म्हणून एक बैल वाऱ्यासारखा व दुसरा मध्यम असा जोड असेल तर गाडी सरळ धावत नाही. ती फाटी सोडते. दोन मध्यम पण समान बैल अशा जोडीला हरवू शकतात. गाडीवानाच्या उभे राहण्याबसण्यातही गणित आहे. त्याचा भार फार पुढे आला तर जू बैलांच्या मानेवर दाबते. फार मागे गेला तर गाडी उलाळ होते व पुढची बाजू वर उचलू पाहते. चांगला गाडीवान केवळ कासरा ओढीत नाही. तो आपल्या शरीराने तोल साधतो.

हेच शास्त्र युरोपातील त्या दुसऱ्या शर्यतीत अधिक स्पष्ट दिसते. मोटारसायकलीच्या एका बाजूस एक चौकट व तिसरे चाक जोडलेले असते. त्या चौकटीवर आसन नाही. उभे राहण्यापुरती फळी व धरावयास कड्या एवढेच. वाहन हाकणारा एक व फळीवर उभा राहणारा त्याचा सहकारी दुसरा. मैदान डांबरी नव्हे. माती, चिखल, वाळू, चढउतार व उड्या यांनी भरलेले. मोटारसायकलींच्या आंतरराष्ट्रीय महासंघातर्फे या खेळाचे जागतिक अजिंक्यपद १९८० सालापासून दिले जाते. हंगाम वसंतात सुरू होऊन शरदापर्यंत चालतो व नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी, लाटव्हिया अशा देशांतून शर्यती फिरत राहतात. प्रत्येक मुक्कामी दोन फेऱ्या होतात. पहिल्यास २५, दुसऱ्यास २२, तिसऱ्यास २० याप्रमाणे उतरते गुण मिळतात व हंगामाअखेर ज्यांची बेरीज सर्वांत मोठी, ते विजेते. म्हणजे एका दिवसाच्या पराक्रमाने येथे भागत नाही. महिनोन् महिने सातत्य राखावे लागते.

या वाहनात ओढ फक्त मोटारसायकलीच्या मागच्या चाकाला असते. बाजूचे चाक नुसते फरफटत येते. समजा, ते चाक डावीकडे आहे. वेग वाढविला की वाहन डावीकडे वळू पाहते, आणि वेग आवरला की उजवीकडे. उजव्या बैलाची गोष्ट येथे पुन्हा आली, हे चाणाक्ष विद्यार्थ्यांच्या ध्यानात आलेच असेल. डावे वळण आले म्हणजे बाजूचे चाक जमिनीवरून उचलू लागते. तेव्हा फळीवरचा सहकारी आपले सारे अंग डावीकडे बाहेर झोकून देतो व त्या चाकाला खाली धरून ठेवतो. उजवे वळण आले की तोच निमिषार्धात हाकणाऱ्याच्या पाठीमागून उजव्या बाजूस झुकतो. चिखलात मागचे चाक घसरू लागले तर तो मागे सरकून त्यावर भार देतो. हे सर्व धावत्या व उसळत्या वाहनावर, एका शब्दाचीही देवाणघेवाण न होता चालते. त्याने अर्धा क्षण उशीर केला तर दोघेही मातीत लोळतात.

नेदरलँड्सचा डॅनिएल विलेमसेन याने १९९९ ते २०१२ या काळात दहा वेळा हे जागतिक अजिंक्यपद मिळविले. पहिल्या वेळी फळीवर त्याचा सख्खा भाऊ होता. पुढे सहकारी वेळोवेळी बदलले. परंतु ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, या खेळात अजिंक्यपद जोडीस मिळते. ज्याच्या हाती सुकाणू नाही, ज्याचे नाव लोकांच्या तोंडी फारसे नसते, तोही जगज्जेता म्हणून गणला जातो. हा न्याय रास्त आहे.

येथवर दोन्ही शर्यतींतील साम्य पाहिले. आता भेद पाहू, कारण खरा धडा त्यातच आहे. फळीवर उभा राहणारा मनुष्य आपल्या इच्छेने उभा राहतो. धोका त्याला ठाऊक असतो. डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर संरक्षक पोशाख असतो. अंग दुखले तर तो तसे सांगू शकतो आणि नको वाटले तर उतरून घरी जाऊ शकतो. बैलाला यांपैकी काहीच करता येत नाही. शर्यत कशाची, इनाम कोणते, हे त्याला कळत नाही. तोही जोडीदारच आहे, पण मुका. म्हणून त्याच्या वाट्याचा विचार माणसाने करावयाचा असतो. तो केला नाही तर काय होते, याचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोर आहे.

कोणी बैलाला पराणी टोचीत, कोणी शेपटी पिरगाळीत, कोणी त्याहूनही निर्दय उपाय करीत. अशा तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या. ११ जुलै २०११ रोजी केंद्र शासनाने, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतींनाही बंदी केली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही व प्राण्यांवर दया करणे हे घटनेने नागरिकांचे कर्तव्य ठरविले आहे, असा त्या निकालाचा आशय होता. दुसऱ्या बाजूस शेतकऱ्यांचेही म्हणणे होते. शेतात यंत्रे आली. आता शर्यतही गेली तर खिल्लार बैल पाळावयाचा कशासाठी व ही जात टिकावयाची कशी, असे ते विचारीत. हा प्रश्नही क्षुल्लक नव्हता.

महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती करून नियमांसह शर्यतींस वाट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती रोखली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त अनुमती दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तामिळनाडू व कर्नाटक यांचे कायदे वैध ठरविले. मात्र नियमांचे पालन कसोशीने झाले पाहिजे, हे त्या पीठाने बजावून सांगितले. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, धावपट्टी १००० मीटरांहून लांब नसावी, बैलास यातना देणारे कोणतेही साधन वापरू नये, अशी बंधने आहेत. यातना दिल्याचे सिद्ध झाल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

हा निकाल शर्यतीच्या बाजूने लागला खरा. पण तो अटीवर लागला आहे. अट मोडली तर परवानगीचा पायाच खचतो. आज इनामात मोटारसायकली, ट्रॅक्टर, मोटारगाड्यासुद्धा ठेवतात. इनाम जितके मोठे, तितका हात पराणीकडे जाण्याचा मोह मोठा. तो मोह आवरणारा शिपाई प्रत्येक मैदानावर पुरेसा असेलच असे नाही. तेथे पाहणाऱ्यांचेच डोळे उपयोगी पडतात.

म्हणून पालकांना व विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे. ज्यांच्या गोठ्यात धावणारा खोंड आहे, त्यांनी त्याचे वय, त्याचे खूर, त्याचा श्वास व त्याची मान पाहूनच त्याला मैदानात उतरवावे. लंगडणाऱ्या बैलास आदल्या रात्री घरी ठेवण्यात कमीपणा नाही. जे केवळ पाहावयास जातात, त्यांनी दोराच्या आत शिरू नये. उधळलेल्या जोडीपुढे धीट व भित्रा असा भेद उरत नाही. आणि पराणी उचलणाऱ्याची गाडी प्रथम आली तरी तिच्यासाठी टाळी वाजवू नये. टाळी हेही एक इनामच आहे व ते कोणास द्यावे हे आपल्या हाती आहे.

पुढे आयुष्यात तुम्ही कधी कासरा धराल, कधी फळीवर उभे राहाल. संसारात, शेतात, कारखान्यात, कार्यालयात सर्वत्र जोडीनेच चालावे लागते. ज्याच्या हाती कासरा आहे त्याने बोलू न शकणाऱ्याची वेदना ओळखावी. जो फळीवर आहे त्याने आपले काम कोणी पाहो वा न पाहो, तोल सोडू नये. असे चालणारे पहिले आले नाहीत तरी त्यांची गाडी सरळ जाते.